एक्काहत्तर वर्षांची ओळख

सॉल्ट क्रीक, उत्तर कॅलिफोर्निया
१८ फेब्रुवारी १९९९

प्रिय लोरेटा,

काकाचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. खोऱ्यात धुकं आहे, दवाखान्याचं छप्पर गळतंय आणि माझी खुर्ची चव्वेचाळीस वर्षांत इतकी खोलगट झालीय की दुसरं कुणी बसलं तर त्याला उठवायला मीच लागतो.

आज सकाळी शेजारी ब्रुनोच्या गोठ्यात गाय व्याली. मी या हातांनी हजारभर बाळं बाहेर काढली असतील, तरी मला अजून नवल वाटतं बघ. चार लांबलचक पाय दुमडून ते वासरू आत मावलेलं असतं तरी कसं? बाहेर पडलं, थरथरत उभं राहिलं आणि डोळे धड उघडायच्या आत सरळ आचळाकडे गेलं. कुणी शिकवलं त्याला? भूक ही काय चीज आहे, पोरी! मी कुंपणाला धरून बघतच राहिलो. ब्रुनो म्हणाला, "डॉक्टर, वासरू पहिल्यांदा बघताय का?" म्हटलं, "हो बाबा, हे वासरू पहिल्यांदाच बघतोय."

आता कामाचं. माझा एक पेशंट आहे. पोटाचा कॅन्सर. युरेका शहरी जाऊन एक गुरुवार सोडून एक गुरुवार केमो घेतो. त्याची भूकच मेलीय. अन्नाच्या वासानेच ढवळून येतं. उलटीवरच्या सगळ्या गोळ्या करून झाल्या. मागच्या उन्हाळ्यात एकशे अडुसष्ट पौंड होता, आता एकशे तेहतीस आहे. कॅन्सर त्याला न्यायचा तेव्हा नेईल, पण त्याआधी हा माणूस उपाशी मरेल.

गांजाने अशांची भूक परत येते, असं म्हणतात. आमच्या खोऱ्यात गवत म्हणजे गाईचं. पोरं ज्याला 'ग्रास' म्हणतात ते दुसरं गवत डोंगरावरचे दाढीवाले पिकवतात, त्यातलं मला काय कळतंय! पण दोन वर्षांपूर्वी लोकांनी मतं देऊन, आजाऱ्याला गांजा चालेल असा कायदा केलाय. युरेकाच्या केमोवाल्या डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, मी त्या भानगडीत पडत नाही. तू तिकडे सॅक्रामेंटोला, डॉक्टरांनी यात कसं वागावं हे ठरवणाऱ्या समितीत बसतेस. मला सांग, मी काय लिहू आणि कशावर लिहू? परवाना घालवून घ्यायचा नाहीये मला. या वयात दुसरं काही करता येत नाही.

तुझा,
अट्टिलियोकाका


सॅक्रामेंटो
२४ फेब्रुवारी

प्रिय काका,

दचकले होतेच. तुम्ही नाताळाला दोन ओळींचं कार्ड पाठवता, आणि आता तीन पानं!

नीट ऐका. पहिली गोष्ट, प्रिस्क्रिप्शनच्या पॅडला हातसुद्धा लावायचा नाही. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारच्या लेखी हे अजून बेकायदाच आहे. तुम्ही ते 'लिहून देऊ' शकत नाही. तुम्ही फक्त 'शिफारस' करू शकता. साध्या लेटरहेडवर. कायद्यातला शब्दच तो आहे आणि सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे. आणि ते कुठून आणायचं, कुणाकडे मिळेल, हे पेशंटला सांगायचं नाही.

दुसरं. लोकांना वाटतं यासाठी काही निराळे नियम असतील. नाहीत. इतर कुठल्याही औषधाला जे लागतं तेच. पेशंटला प्रत्यक्ष तपासायचं. आधीचा सगळा इतिहास विचारायचा. यातून काय साधायचंय ते ठरवून लिहायचं. तोटे सांगायचे, गोड न करता. ठरावीक दिवसांनी पुन्हा बोलावून बघायचं. आपल्याला कळत नसेल तर कळणाऱ्याला विचारायचं. आणि सगळं कागदावर ठेवायचं. समितीत आम्ही महिनाभर भांडलो आणि शेवटी जे लिहिलं ते तुम्ही मला मी बारा वर्षांची असताना तुमच्या दवाखान्यात शिकवलं होतं. ब्रुनोच्या आईचा पाय होता तो. तुम्ही म्हणाला होतात, "आधी हात लाव, मग तोंड उघड."

कच्चा मसुदा करून पाठवा, बघून देते. पेशंटचं नाव घालू नका.

जेवताय ना नीट? इनेसकाकू गेल्यापासून तुम्ही मक्याच्या पिठाचा पोलेंटा करणंच सोडलं असेल.

तुमची,
लोरेटा


सॉल्ट क्रीक
१ मार्च

प्रिय लोरेटा,

शिफारस! मला तर हसूच आलं. गेल्या चव्वेचाळीस वर्षांत मी निदान दोनशे शिफारशी लिहिल्या असतील. कुणाच्या पोराला लोणी-कारखान्यात चिकटवायला, कुणाच्या पोरीला नर्सिंगच्या शाळेत घालायला. हातखंडा आहे माझा. हा घे मसुदा:

"ज्याच्याशी संबंध असेल त्यास. हे पत्र घेऊन येणाऱ्या गृहस्थास मी एक्काहत्तर वर्षे ओळखतो. माणूस सचोटीचा व कष्टाळू असून पहाटे उठतो. दारू बेताची. बोलण्यात थोडा तिखट, पण मनात काही ठेवत नाही. सध्या पोटाच्या कॅन्सरमुळे त्यास अन्न जात नाही. त्याच्या पदरी गांजा पडल्यास तो त्याचा सदुपयोग करील याची मला खात्री आहे. तरी त्याचा सहानुभूतीने विचार व्हावा."

कसं वाटतंय? 'सचोटीचा' काढू का? जरा जास्त होतंय.

रोज चार वाजता धुकं वर सरकतं आणि रेडवुडचे शेंडे आधी दिसायला लागतात, बुंधे नंतर. जणू झाडं आभाळातून खाली उगवतायत. इतकी वर्षं बघतोय, पण अलीकडे ते बघायला हातातलं काम टाकून बाहेर येतो. म्हातारपण असेल.

तुझा,
काका


सॅक्रामेंटो
४ मार्च

काका,

मसुदा ऑफिसात वाचला आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची बाई उठून आली. तिला वाचून दाखवत होते. "गृहस्थास मी एक्काहत्तर वर्षे ओळखतो" इथवर आले आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

तुम्ही एक्काहत्तर वर्षांचे आहात. ज्याला तुम्ही पाळण्यात असल्यापासून ओळखता, जो पहाटे उठतो आणि बोलायला तिखट आहे, असा माणूस त्या खोऱ्यात एकच आहे.

एकशे तेहतीस पौंड? काका, एकशे तेहतीस?

मला का नाही सांगितलंत? फोन केला तर उचलत नाही. ब्रुनोला केला, तर तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, पोरीला सांगितलंस तर बघ."

मी शनिवारी निघतेय. आणि निघायच्या आधीच सांगते, तुम्ही स्वतःची शिफारस स्वतः करू शकत नाही. मीही डॉक्टर असले तरी नाही करू शकत, मी घरची आहे. आपल्या माणसावर आपली नजर धड पडत नाही, म्हणून तो नियम आहे. तुम्हाला तिसरा डॉक्टर लागेल.

लोरेटा


सॉल्ट क्रीक
२९ मार्च

प्रिय लोरेटा,

तू आलीस, चार दिवस राहिलीस, ओरडलीस, रडलीस, फ्रीज साफ केलास आणि गेलीस. त्यानंतर घर फार रिकामं झालं. तुझ्यासमोर जे बोलायला जमलं नाही ते आता लिहितो.

सांगितलं नाही कारण लाज वाटली. आजाराची नाही गं. लोकांना मरताना मी रोज सांगत आलो की घाबरू नका, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मी माझ्याच पॅडवर माझीच औषधं लिहून, माझ्याच पोटाला माझाच हात लावून बसलो. आणि माझा हात खोटं बोलला. सप्टेंबरात मी स्वतःला सांगितलं, ॲसिडिटी आहे. दुसऱ्या कुणाचं पोट असतं तर मी त्याला त्याच दिवशी युरेकाला पाठवला असता. तुझा तो घरच्या माणसाचा नियम शंभर टक्के खरा आहे.

पण तिसरा डॉक्टर आणू कुठून? या तालुक्यात असली शिफारस करणारी एकच आहे, डॉ. कोरिन लिंडक्विस्ट. डोंगरावर जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी शेतकऱ्यांचं सभागृह आहे ना, तिथे ती मंगळवारी बसते. वय असेल चौतीस. रबरी बूट घालते. आणि ऐक आता गंमत. ऑक्टोबरमध्ये मी तिच्याविरुद्ध डॉक्टरांना परवाने देणाऱ्या बोर्डाकडे तक्रार केलीय! दर मंगळवारी सभागृहाबाहेर गाड्यांची रांग बघायचो, अंधार पडेपर्यंत. म्हटलं, ही बाई चण्या-फुटाण्यासारख्या शिफारशी वाटतेय. मी लिहिलं, "हात न लावता सही करतो तो डॉक्टर नव्हे, रबरी शिक्का." पाठीमागून बोलणं आपल्याला जमत नाही, म्हणून एक प्रत तिलाच टपालाने पाठवली. माझ्या सहीची.

आता तिच्या दारात मी कुठल्या तोंडाने उभा राहू?

काल ब्रुनोच्या बायकोने पोलेंटा पाठवला. वासाने उठून बाहेर जावं लागलं. इनेसचंच पातेलं होतं ते, मीच दिलेलं. एकशे एकोणतीस.

काका


सॅक्रामेंटो
१ एप्रिल

काका,

याच तोंडाने. दुसरं आहे कुठे तुमच्याकडे?

मंगळवारी जा. रांगेत उभे राहा, डॉक्टर असल्याचा तोरा मिरवू नका. ती शिक्का मारणारी निघाली तर मला कळवा, तिची तक्रार मी स्वतः पुढे नेईन. पण जा. तुमचा मान सांभाळत मी तुम्हाला उपाशी मरू देणार नाही.

लोरेटा


सॉल्ट क्रीक
१४ एप्रिल

पोरी,

हे पत्र बसून वाच.

सहा तारखेला, मंगळवारी गेलो. अकरा वाजता पोचलो तर पुढे सहा गाड्या. म्हटलं, अर्ध्या तासात मोकळे होऊ. बारा वाजले, रांग हलेना. एक वाजला. पुढच्या ट्रकमध्ये डोंगरावरचा एक दाढीवाला होता. पाठीत स्क्रू घातलेले, सरळ बसता येत नव्हतं बिचाऱ्याला. मी वैतागून विचारलं, "ही बाई आत करते काय?" तो म्हणाला, "तपासते." म्हटलं, "एवढा वेळ?" तर म्हणतो, "अहो, मागच्या वेळी तिने मला हाकलून दिला. म्हणाली, आधी जुने एक्सरे आण, मग बघू. तास तपासलं आणि हात हलवत परत पाठवला. आज एक्सरे आणलेत." आणि खिडकीतून मला लिफाफा दाखवला.

लोरेटा, मला घाम फुटला. रांग लांब असायची कारण आतला माणूस तासभर बाहेर येत नव्हता. मी बाहेरून गाड्या मोजल्या आणि निकाल देऊन मोकळा झालो. मी! आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो, आधी हात लाव.

माझा नंबर लागला तेव्हा पावणेसहा वाजले होते. टेबल, दोन खुर्च्या, तपासायचं बाकडं, पाय शेकायला एक हीटर. तिने माझं नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या डॉक्टर रिघेट्टी. कोट काढा." बस, एवढंच.

मग तिने मला तपासलं. काय सांगू तुला! डोळ्यांच्या कडा, जीभ, नखं, घोट्यावरची सूज. हात आधी हीटरवर धरून गरम केले आणि मग पोटावर ठेवले. चव्वेचाळीस वर्षांत मी किती पोटांवर हात ठेवले याची मोजदाद नाही, पण तसा हात आपल्या पोटावर असताना काय वाटतं हे मला ठाऊकच नव्हतं. तिचा हात हळूहळू सरकत होता आणि जिथे ते आहे तिथे येऊन थांबला. मी छताकडे बघत होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. ती म्हणाली, "दुखलं?" म्हटलं, "नाही हो. कुणीतरी बरोबर जागा शोधली." युरेकाला माझे फोटो काढतात, रक्त काढतात, पण गेल्या सहा महिन्यांत कुणी हात लावला नव्हता.

नंतर प्रश्न. घरात कुणाचं डोकं फिरलं होतं का? दारू किती? छातीत धडधड? कुठली गोळी किती दिवस घेतली, का सोडली? मी म्हटलं, "अहो, मला घाईने उरकून टाका, बाहेर अजून दोन गाड्या आहेत." ती म्हणाली, "त्यांना माहितीय." तोटे सांगितले, एकही गोड न करता. गरगरेल, उठताना रक्तदाब पडेल, गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, मन विचित्र होईल, काहींना याचा काडीचा उपयोग होत नाही, आणि कॅन्सर यातून बरा होणार नाही. शेवटचं वाक्य तिने माझ्या डोळ्यांत बघून दोनदा म्हटलं.

मग पेन उचलून विचारलं, "यातून तुम्हाला काय साधायचंय?" म्हटलं, "भूक." ती म्हणाली, "भूक मला मोजता येणार नाही. नक्की काय ते सांगा." मी जरा विचार केला आणि म्हटलं, "पोलेंटाच्या पातेल्याच्या तळाला जी खरवड धरते ना, ती खायचीय." तिने हसू न आणता तसंच लिहिलं. उपचाराचं उद्दिष्ट: पोलेंटाची खरवड. तीन आठवड्यांनी फेरतपासणी.

उठताना मी तक्रारीचा विषय काढणार, तोच भिंतीकडे लक्ष गेलं. माझं पत्र! टाचणीने लावलेलं, आणि रबरी शिक्क्याच्या ओळीखाली लाल रेघ. ती म्हणाली, "संध्याकाळ झाली की हात आखडतो आणि नुसती सही करून टाकावीशी वाटते. तेव्हा ते वाचते."

मी तिचा हात हातात घेतला. 

तो जिन्नस मला कुठून मिळाला ते तिने विचारलं नाही आणि मी तुलाही सांगणार नाही. मुरंब्याच्या बाटलीत होता एवढंच.

आज सकाळी व्हरांड्यात बसून दोन झुरके घेतले. खोकून खोकून जीव गेला. ब्रुनोचं कुत्रं पळून गेलं. पंधरा मिनिटं काही नाही. म्हटलं, गंडलो. आणि मग, लोरेटा, ब्रुनोच्या घरून वास आला. मक्याचं पीठ, लोणी. मी श्वास रोखला, आता ढवळणार म्हणून. ढवळलं नाही. पोटात काहीतरी हललं, आधी ओळखूच येईना. नंतर कळलं. भूक होती ती. माझी! मी तसाच चपला न घालता कुंपणाच्या फटीतून गेलो आणि ब्रुनोच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. त्या वासराला कुणी शिकवलं असं विचारत होतो ना मी तुला?

पातेलं मांडीत घेऊन चमच्याने खरवडून खाल्लं. ब्रुनोची बायको सिंककडे तोंड करून उभी होती, म्हणजे मला तिचं तोंड दिसू नये. खरवड दाताखाली कुरकुरली. देवा, काय आवाज तो!

काका


सॅक्रामेंटो
१९ एप्रिल

काका,

आज सकाळी समितीत तुमचं पत्र घेऊन गेले. वाचून दाखवलं नाही, नुसतं पर्समध्ये होतं. कुणीतरी म्हणालं, 'प्रत्यक्ष तपासणी' हे शब्द जुनाट वाटतात, काढून टाकू. मी म्हटलं, मी मेल्यावर काढा.

शब्द राहिले.

तुम्ही मला बोलून बोलून थकवा, पण रोज काय खाल्लंत ते लिहा. मला यादी हवीय.

तुमची,
लोरेटा


सॉल्ट क्रीक
३० ऑगस्ट

प्रिय लोरेटा,

अक्षर वाकडं आहे, समजून घे. यादी: पीच अर्धा, सूप, काल ब्रुनोकडचं सॉसेज चार घास. जून-जुलैइतकं आता जात नाही. पण तो उन्हाळा मला मिळाला! पीच, टोमॅटो, ताजं चीज, तू आणलेला तो भयंकर केक. एकशे एकेचाळीसपर्यंत गेलो होतो. कोरिन दर तीन आठवड्यांनी तपासत राहिली, हल्ली घरीच येते. आधी हात गरम करते.

केमो थांबवलं. आम्ही दोघांनी बसून ठरवलं. भीती वाटत नाही असं नाही, पण भीतीपेक्षा नवलच जास्त वाटतं. एवढं सगळं होतं आणि मी त्यात होतो! धुकं आजही वर सरकलं.

दवाखाना कोरिनला दिला. ती गांजावाली म्हणून खोऱ्यातली निम्मी माणसं नाकं मुरडतायत. म्हणून दारावर लावायला एक कागद लिहिलाय. या वेळी तुमच्या समितीच्या नियमांप्रमाणे लिहिलाय, तपासून दे. मी गेल्यावर तू स्वतः येऊन लाव.

"ज्यांच्याशी संबंध आहे त्या सॉल्ट क्रीकच्या सर्वांस.

मी डॉ. कोरिन लिंडक्विस्ट यांची शिफारस करतो.

इतिहास: सुरुवातीला यांच्याविरुद्ध तक्रार झाली होती. तक्रार करणारा गाढव होता. सही माझीच आहे.

तपासणी: मी यांना तपासलं नाही, यांनी मला तपासलं. त्यातच यांची तपासणी झाली.

उद्दिष्ट: तुम्हाला कुणीतरी हात लावून बघावं.

तोटे: खूप वेळ लागतो. सोबत डबा न्यावा. खरं तोंडावर सांगतात. कधी कधी रिकाम्या हाताने परत पाठवतात. रबरी बुटांचा चिखल फरशीवर होतो.

ओळख: मी यांना पाच महिने ओळखतो. स्वतःला एक्काहत्तर वर्षे ओळखत होतो आणि माझ्या पोटातलं मला कळलं नाही. यांना पहिल्याच दिवशी कळलं.

मुदत: ही शिफारस एक वर्षासाठी आहे. वर्षाने फेरतपासणी व्हावी. तेव्हा मी नसेन. ती तुम्ही सर्वांनी करावी.

डॉ. अट्टिलियो रिघेट्टी"